वर्गांकाप्रमाणे वाचनाचं टार्गेट कसं ठेवायचं: नवख्यांसाठी

"यंदा पन्नास पुस्तकं वाचायचीच" असं ठरवणारे खूप जण असतात, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त वर्षाअखेरीला यादी काढून बघितली की त्यातली बहुतेक एकाच जातीची निघतात. कादंबरीवाला कादंबऱ्याच वाचतो, इतिहासवाला इतिहासातच फिरत राहतो, आकडा वाढतो पण आपण उभे राहतो ते कपाट काही बदलत नाही. यावर एक सोपा इलाज आहे, टार्गेट आकड्यावर ठेवायचं नाही, ग्रंथालयाच्या वर्गीकरणावर ठेवायचं. म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर जो नंबर चिकटवलेला असतो ना, तो वर्गांक, त्यावर. मी हे करत आलेय आणि सुरुवातीला ज्या गोष्टींनी डोकं चक्रावतं त्या एका जागी लिहून ठेवतेय.

लागणारं सामान

- ग्रंथालयाचं चालू कार्ड
- वही किंवा एक्सेल शीट, जे रोज हाताशी असेल ते
- ग्रंथालयाच्या कॅटलॉगची लिंक (ऑनलाइन असेल तर त्याला बहुतेक ठिकाणी ओपॅक म्हणतात), नसेल तर तिथला कॉम्प्युटर किंवा कार्डांचे ड्रॉवर
- दहा मुख्य वर्गांची यादी, खाली दिलीय
- आपण गेल्या वर्षभरात काय वाचलं ते आठवण्याइतका निवांत वेळ

१. आधी पद्धत कुठली ते ओळखा

सगळ्या ग्रंथालयांत एकच पद्धत नसते. पाठीवरचं लेबल बघितलं की कळतं. तीन आकडे, मग टिंब, मग अजून काही आकडे (उदा. ५२३.४) असं असेल तर ती ड्युई दशांश पद्धत. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने ही १८७६ साली काढली, तेव्हा ती जेमतेम ४४ पानांची पुस्तिका होती, आता जगभर पसरलीय आणि तिचे खंड उचलताना हात दुखतो.

लेबलावर सुरुवातीलाच इंग्रजी अक्षरं आणि मग आकडे असतील तर बहुधा लायब्ररी ऑफ काँग्रेसची (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) पद्धत, ही मोठ्या विद्यापीठांत जास्त दिसते. आकडे ड्युईसारखेच पण मधे कोलन, अधिकची खूण, कंस असलं काहीबाही दिसलं तर यूडीसी (युनिव्हर्सल डेसिमल क्लासिफिकेशन). आणि अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, कोलन असं सगळं एकत्र नांदत असेल तर ती भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची कोलन पद्धत, १९३३ सालची. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक होते, हे माहीत असलं की ते लेबल बघून फार नवल वाटत नाही.

पुढचं सगळं मी ड्युई धरून लिहितेय कारण सार्वजनिक ग्रंथालयांत तीच सगळ्यात जास्त भेटते. बाकीच्या पद्धतींतही हीच युक्ती चालते, फक्त खण वेगळे. यूडीसीत एक लक्षात ठेवा, तिथे ४ हा वर्ग मुद्दाम रिकामा ठेवलाय, भाषा आणि साहित्य दोन्ही ८ मध्ये, त्यामुळे "४ चं पुस्तक मिळत नाही" म्हणून ग्रंथपालांना छळू नका.

फसगत: काही छोट्या ग्रंथालयांत पुस्तकावर फक्त दाखल नंबर असतो, म्हणजे पुस्तक कितवं आलं तो. तो साधा चढता आकडा असतो, त्याचा विषयाशी काही संबंध नाही. तिथे वर्गांक हवा असेल तर इंग्रजी पुस्तकांत शीर्षकाच्या पानामागे, जिथे कॉपीराइट छापलेला असतो, तिथे कधी कधी ड्युईचा नंबर सापडतो. नाहीतर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ऑनलाइन कॅटलॉग फुकट बघता येतो, त्यातल्या बऱ्याच नोंदींत असतो. मराठी पुस्तकांना हा मार्ग कमी चालतो, तिथे मोठ्या ग्रंथालयाच्या ओपॅकमध्ये तेच पुस्तक शोधायचं.

२. दहा शतकं

शाळेतलं एकक, दशक, शतक आठवा. ड्युईत पहिला आकडा शतक (मुख्य वर्ग), दुसरा दशक (विभाग), तिसरा एकक (उपविभाग). म्हणून दहा, मग शंभर, मग हजार खण.

- ०००: कॉम्प्युटर, माहिती, ज्ञानकोश, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र
- १००: तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र
- २००: धर्म
- ३००: समाजशास्त्रं (अर्थ, राजकारण, कायदा, शिक्षण, चालीरीती)
- ४००: भाषा
- ५००: विज्ञान आणि गणित
- ६००: तंत्रज्ञान (वैद्यक, शेती, इंजिनियरिंग, स्वयंपाक, व्यवस्थापन)
- ७००: कला, संगीत, खेळ, सिनेमा
- ८००: साहित्य
- ९००: इतिहास, भूगोल, प्रवास, चरित्रं

ही यादी पाठ करायची गरज नाही, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ड्युईत पुस्तक "कशाबद्दल आहे" यापेक्षा "कुठल्या शास्त्राच्या नजरेतून लिहिलंय" यावर नंबर पडतो. घोडा घ्या. घोडा हा प्राणी म्हणून असेल तर ५९९, घोडा पाळायचा कसा असेल तर ६३६.१, आणि घोडेस्वारी असेल तर ७९८. एकच जनावर तीन कपाटांत. रेल्वे एक सेवा म्हणून ३८५ ला आणि रुळांचं इंजिनियरिंग ६२५ ला. नवख्या माणसाला हा प्रकार वेडेपणा वाटतो, पण आपल्या कामाला हाच उपयोगी आहे, कारण आवडता विषय हाताशी धरून अनोळखी शतकात शिरता येतं. याबद्दल खाली पुन्हा येतेच.

काही जागा तर अंदाजाने सापडतच नाहीत. लोककथा साहित्यात शोधाल तर नाही मिळणार, त्या ३९८.२ ला, म्हणजे समाजशास्त्रात. गुन्ह्यांच्या सत्यकथा ३६४ ला. स्वतःला सुधारायची पुस्तकं १५८ ला, मानसशास्त्राच्या शेपटाला. फलज्योतिष १३३.५ ला आणि खगोलशास्त्र ५२० ला, दोघांत जवळपास चारशे नंबरांचं अंतर. उडत्या तबकड्या ००१.९ च्या आसपास, कॉम्प्युटरच्या (००४ ते ००६) अगदी शेजारी, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

३. मागचा हिशोब काढा

टार्गेट ठरवायच्या आधी हे कराच, बरेच जण ही पायरी टाळतात आणि मग हवेतलं टार्गेट ठेवतात. गेल्या वर्षात वाचलेली जेवढी पुस्तकं आठवतील तेवढी लिहा, प्रत्येकासमोर शतक लिहा (कॅटलॉगमध्ये शोधून, अंदाजाने नको), आणि शतकाप्रमाणे मोजा. बहुतेकांचं चित्र साधारण असं येतं की एक शतक गच्च भरलेलं, दोन-तीन शतकांत तुरळक, आणि उरलेल्यांत शून्य. शून्यवाली शतकं वेगळी लिहून ठेवा.

इथे कथा-कादंबऱ्यांचा घोळ होतो तो आताच मिटवून टाका. खरं तर मराठी साहित्याचा नंबर ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. पण कित्येक ग्रंथालयांत ललित पुस्तकं वर्गांकाशिवाय वेगळी लावलेली असतात, नुसती लेखकाच्या आडनावाने. अशा कादंबऱ्या ८०० मध्ये मोजायच्या की वेगळ्या? माझं मत, वेगळ्या मोजा. ८०० चा खण कविता, नाटक, निबंध, समीक्षा यांच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर तो खण काही न करता भरतो आणि मग त्या खणाला काही अर्थ उरत नाही.

४. टार्गेट किती ठेवायचं

पहिल्या फेरीला दहा शतकं, प्रत्येकी एक पुस्तक, बास. वर्षाला दहा म्हणजे कमी वाटेल, पण ही दहा तुमच्या नेहमीच्या वाचनाच्या वर आहेत आणि त्यातली पाच-सहा तरी अशी असणार की ज्यांच्या वाटेला तुम्ही एरवी गेला नसतात, त्यांना वेळ लागतो.

समजा वर्षाला चोवीस पुस्तकं होतात. तर अशी वाटणी करून बघा: दहा पुस्तकं दहा शतकांना, चार तुमच्या शून्यवाल्या शतकांना जास्तीची, आणि उरलेली दहा मोकळी, त्यात हवं ते वाचा, तिथे वर्गांकाची जबरदस्ती नाही. ही मोकळी दहा काढून टाकायचा मोह होतो, काढू नका, सगळंच वाचन नियमाने बांधलं की दोन-तीन महिन्यांत कंटाळा येतो आणि वही बंद होते. वर्षाला बाराच होत असतील तर शतकांची दहा दोन वर्षांत पसरवा, कुणी मागे लागलेलं नाही.

सगळी शतकं सारखी वाटायची गरजही नाही. ६०० आणि ३०० मध्ये एवढं काही कोंबलेलं आहे की एका पुस्तकाने त्या शतकाची ओळख होत नाही. ६०० मध्ये शस्त्रक्रियाही आहे, मधमाश्या पाळणंही (६३८), आणि हिशेबनीसाचं कामही. ४०० त्यामानाने आटोपशीर.

फसगत: उत्साहाच्या भरात थेट हजार खणांचं टार्गेट घेऊ नका. ते पूर्ण होऊच शकत नाही कारण हजारातले काही नंबर सध्या कुणालाच दिलेले नाहीत, ०४० चं अख्खं दशक रिकामं आहे. उरलेल्या नव्व्याण्णव दशकांचं टार्गेट होण्यासारखं आहे, पण ते काही वर्षांचं काम.

५. नियम आधीच लिहून काढा

वर्षाच्या मधे नियम ठरवायला बसलात की ते आपल्या सोयीचे होतात. म्हणून पहिल्या पानावरच लिहा:

- नंबर पुस्तकाच्या लेबलावरचा धरायचा, आपल्याला काय वाटतं तो नाही. दोन ग्रंथालयांत एकाच पुस्तकाला वेगळा नंबर असू शकतो (चरित्रांच्या बाबतीत तर हमखास, कुणी ती ९२० ला ठेवतं तर कुणी त्या माणसाच्या विषयात, शास्त्रज्ञ असेल तर ५०० मध्ये), तेव्हा ज्या प्रतीवरून वाचलं तिचा नंबर.
- एक पुस्तक एकाच खणात. घोड्याचं पुस्तक दोन्हीकडे मोजणं ही चोरी.
- मुलांच्या विभागातलं पुस्तक चालेल का? चालवा, खुशाल चालवा. ५०० साठी तर मी म्हणेन तिथूनच सुरुवात करा.
- ऑडिओबुक, ईबुक चालेल. त्यांना लेबल नसतं, पण कॅटलॉगमध्ये छापील प्रतीचा नंबर मिळतो.
- कॉमिक्स ७४१.५ ला असतात आणि ७०० चा खण त्यांनी भरला तरी हरकत नाही, पण पहिल्या फेरीला एकदाच.
- अर्धवट सोडलेलं पुस्तक मोजायचं नाही, मात्र सोडायची परवानगी हवी. पन्नास पानं वाचून नाही जमलं तर त्याच दशकातलं दुसरं उचला.

६. प्रत्यक्ष कपाटापाशी

नुसत्या ऑनलाइन शोधावर राहू नका. ओपॅकमध्ये आपण तेच शब्द टाकतो जे आपल्याला आधीपासून माहीत असतात, आणि इथे तर माहीत नसलेलं शोधायचंय. शतक ठरवा, त्या कपाटापाशी जा आणि पाठीवरची नावं वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. काही काढायची घाई नको, पहिल्या चकरेत फक्त नंबर कुठे बदलतो आणि विषय कुठे बदलतो ते बघा.

नंबर वाचायची रीत: टिंबाच्या डावीकडचे तीन आकडे साध्या संख्येसारखे, पण टिंबानंतरचे एकेक आकडा घेऊन वाचायचे. ५९९.६६ हे ५९९.८ च्या आधी येतं, सहासष्ट आठपेक्षा मोठे असले तरी, कारण हे दशांश आहेत. पुस्तक सापडत नाही म्हणून परत जाणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, ते भलत्याच फळीवर शोधत असतात. वर्गांकाच्या खाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं किंवा अक्षर आणि आकडा मिळून ग्रंथांक असतो, वर्गांक सारखा असेल तेव्हा त्याने क्रम लागतो.

निवडताना मी तीन गोष्टी बघते: जाडी (अनोळखी शतकात दोनशे पानांच्या आत), अनुक्रमणिका, आणि प्रकाशनाचं वर्ष. वर्ष सगळीकडे सारखं महत्त्वाचं नाही. ००४ मधलं कॉम्प्युटरचं किंवा ६१० मधलं औषधांचं पंधरा वर्षांपूर्वीचं पुस्तक माहितीसाठी घेऊ नका. तेच ५१० मधलं गणित किंवा १८१ मधलं पौर्वात्य तत्त्वज्ञान कितीही जुनं असलं तरी बिघडत नाही. मुख्य रांगेत काही नाही मिळालं तर मोठ्या आकाराच्या पुस्तकांची वेगळी फळी असते तीही बघा, ७०० ची चांगली पुस्तकं (चित्रकला, वास्तुकला, फोटोग्राफी) पुष्कळदा तिथे जाऊन बसलेली असतात. संदर्भ विभागातली घरी नेता येत नाहीत, ०३० चे ज्ञानकोश जवळपास सगळे तिथेच, तेव्हा ००० साठी ०७० ची पत्रकारिता किंवा ०२० चं ग्रंथालयशास्त्र बघा.

आणि ग्रंथपालांना विचारा. "विज्ञानातलं एखादं चांगलं पुस्तक द्या" असं विचारलंत तर त्यांनाही प्रश्न पडतो. "५५० मधलं, अजिबात गणित नसलेलं, पातळ" असं विचारा, लगेच हात कपाटाकडे जातो.

७. नावडत्या शतकांचं काय करायचं

खरी परीक्षा इथे. प्रत्येकाची दोन-तीन शतकं अशी असतात की नुसतं नाव ऐकून जांभई येते, आणि तीच टाळत टाळत वर्षाच्या शेवटाला ढकलली जातात. म्हणून उलटं करा, पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात नावडतं शतक उरकून घ्या.

आत शिरायची वाट म्हणजे घोड्याची युक्ती. आपला आवडता विषय त्या शतकात कुठे लपलाय ते शोधायचं. क्रिकेटवेड्याला (७९६.३५८) विज्ञान नको असेल तर चेंडू हवेत का वळतो हे शेवटी ५३० चं भौतिकशास्त्रच आहे. इतिहासवाल्याला ४०० रटाळ वाटत असेल तर लिप्या कशा तयार झाल्या ते ४११ ला आहे, किंवा ४१९ ला खुणांच्या भाषा आहेत. ज्याला माणसांच्या भानगडींत रस आहे त्याने ३४० कायदा उघडावा. संगीतवाल्याला गणितही जड जाऊ नये, सूर आणि अपूर्णांक यांचं नातं जुनं आहे.

४०० आणि ८०० चा एक फायदा घ्या: दोघांची आतली मांडणी जवळपास सारखी आहे. ४२० इंग्रजी भाषा तर ८२० इंग्रजी साहित्य, ४४० फ्रेंच तर ८४० फ्रेंच साहित्य, ४९१.४६ मराठी तर ८९१.४६ मराठी साहित्य. ९०० मध्येही तसंच, ९५४ भारताचा इतिहास आणि ९१५.४ भारताचा भूगोल नि प्रवास. हे एकदा लक्षात आलं की नंबर पाठ करावे लागत नाहीत, बनवता येतात.

२०० बद्दल थोडं सविस्तर. हे शतक बनलं तेव्हा बनवणाऱ्याला जे जवळचं वाटलं त्याला ऐसपैस जागा मिळाली. २२० ते २८० बायबल आणि ख्रिस्ती धर्म, आणि जगातले बाकीचे सगळे धर्म २९० च्या एका दशकात दाटीवाटीने: बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, ज्यू २९६, इस्लाम २९७. यूडीसीवाल्यांनी आपला धर्माचा वर्ग २००० साली नव्याने मांडला, ड्युईत मूळ सांगाडा अजून तोच आहे. आपल्या टार्गेटसाठी याचा अर्थ काय, तर दशकं मोजायला गेलात तर २०० मध्ये सात दशकं एकाच धर्माची वाचावी लागतील. म्हणून या शतकात दशकाऐवजी टिंबानंतरचा आकडा धरा आणि आपला नसलेला धर्म निवडा.

८. नोंद

फार रकाने नकोत. वर्गांक (पूर्ण, टिंबासकट), पुस्तकाचं नाव, संपवल्याची तारीख, आणि एक ओळ: यातून पुढे काय वाचावंसं वाटलं. चौथा रकाना सगळ्यात कामाचा, तो रिकामा राहिला तर ते पुस्तक नुसतं खण भरण्यासाठी वाचलं असं समजा. वेगळ्या पानावर दहा बाय दहाचा तक्ता काढा, उभी शतकं, आडवी दशकं, वाचलं की खण रंगवा. वर्षाच्या मधे एकदा तक्ता बघायचा, रोज नको.

अर्ध्या वर्षात तीन खणही झाले नसतील तर टार्गेट कमी करा, पुस्तकांची जाडी कमी करा, पण शतकं गाळू नका.

९. दुसरी फेरी

दहा शतकं झाली की लगेच शंभरच्या मागे न लागता एकच शतक घ्या, जे अनपेक्षितपणे आवडलं ते, आणि त्याची दहा दशकं करा. ५०० याला उत्तम, ५०० सर्वसाधारण, मग ५१० गणित, ५२० खगोल, ५३० भौतिक, ५४० रसायन, ५५० भूशास्त्र, ५६० जीवाश्म, ५७० जीवशास्त्र, ५८० वनस्पती, ५९० प्राणी, एकही दशक फुकट नाही. ४०० ला मात्र त्रास होईल, ४७० लॅटिन आणि ४८० ग्रीक बऱ्याच ठिकाणी कपाटात नसतातच. तेव्हा शतक नक्की करायच्या आधी कॅटलॉगमध्ये दहाही दशकं तपासा, प्रत्येकात किमान दोन पुस्तकं घरी नेता येण्यासारखी आहेत ना बघा, आणि नसतील तर दुसरं शतक घ्या.